पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा आणि आपला हिशेब

सोयापेंडीचा भाव चढला की ब्रॉयलर पाळणाऱ्या आपल्या गटांत एक चर्चा हमखास होते. विकतच्या खाद्यात थोडा मका भरडून घालू, तेवढेच चार पैसे वाचतील. खरंच वाचतात का, ते आज पाहू या.

प्रथिन ही एकच वस्तू नाही. वीसेक अमिनो आम्लं मिळून ते बनतं. त्यातली काही कोंबडीच्या अंगात तयार होतात, काही खाद्यातूनच मिळावी लागतात. समजा, कापड 20 ब्लाउजांचं आहे, पण हुक 12 ब्लाउजांपुरतेच आहेत. मग पुरे होतील ते 12च. मका-सोयाच्या खाद्यात सगळ्यांत आधी कमी पडणारा हुक म्हणजे मेथिओनिन. त्यानंतर लायसिन, मग थ्रिओनिन. मेथिओनिन वाढीला आणि पिसांना लागतं, लायसिन छातीच्या मांसाला.

आणि उरलेलं कापड? जास्तीचं प्रथिन कोंबडी साठवून ठेवत नाही. ते मोडून विष्ठेवाटे टाकते. ओल्या तुसात त्याचा अमोनिया होतो. सकाळी शेडमध्ये डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. महागाची पेंड अशी तुसात जाते.

आता मका घालण्याचा हिशेब करू. खाद्यात 20 टक्के प्रथिन आणि 1 टक्का लायसिन आहे असं धरा. अशा 40 किलो खाद्यात 10 किलो मका मिसळला. मक्यात प्रथिन साधारण 9 टक्के आणि लायसिन जेमतेम पाव टक्का. मिश्रणात प्रथिन उरलं 17.8 टक्के, लायसिन 0.85 टक्के. मेथिओनिन, जीवनसत्त्वं, खनिजंही घटली. मग पक्षी खातो जास्त, चरबी धरतो, पण छाती भरत नाही. विक्रीचं वजन यायला दिवस जास्त लागतात आणि रोजचं खाद्य चालूच राहतं. कर्जाचा हप्ता काही आपल्यासाठी थांबत नाही.

मग प्रथिन कमी करताच येत नाही का? येतं की! पेंड थोडी कमी करायची आणि कमी पडणारी अमिनो आम्लं भुकटीच्या रूपात मोजून घालायची. लायसिन 100 धरलं, तर मेथिओनिन आणि सिस्टीन मिळून 75च्या आसपास, थ्रिओनिन 65च्या आसपास हवं. हा मेळ राखला तर प्रथिन 20 वरून 19-18 वर आणूनही वाढ टिकते, शेडमधला वासही कमी होतो. त्याहून खाली गेलं की व्हॅलिन, आर्जिनिन अशी पुढची आम्लं कमी पडू लागतात.

घरी खाद्य बनवणाऱ्या गटांनी एवढं करावं. सूत्र कृषी विज्ञान केंद्रातून किंवा पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावं. क्विंटलभर खाद्याला मेथिओनिन साधारण दोन-अडीचशे ग्रॅमच लागतं, म्हणून मुठीने घालू नये, काट्यावर तोलावं. आधी दोन-तीन किलो भरड्यात ते एकजीव करावं, मग सगळ्या खाद्यात मिसळावं. लहान पिल्लांच्या खाद्यावर प्रयोग करू नये.

आणि विकतचं खाद्य घेताना दुकानदाराला नुसतं प्रथिन विचारू नका. लायसिन किती, मेथिओनिन किती, तेही विचारा. पोत्याची किंमत त्यानंतर बघा.