कुलूप एकाचे, चोरी दुसऱ्याची

रात्री अंगणात उभी केलेली दुचाकी सकाळी जागेवर नसली, की कारकुनाच्या घरात जे घडते ते पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत मावत नाही. कर्जाचे हप्ते चालूच राहतात. कामावर जाण्याचे साधन मात्र गेलेले असते. शेजारीपाजारी सांत्वनाबरोबर एक सल्लाही देतात, चांगले कुलूप बसवायला हवे होते. व्यक्तीपुरता हा सल्ला बिनचूक आहे. समाजापुरता तो तसाच आहे काय, हा प्रश्न निराळा.

पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या प्रारंभी स्टिअरिंगला कुलूप असण्याची सक्ती केली, ती नव्याजुन्या सर्व मोटारींना. चोऱ्या लक्षणीय घटल्या. ब्रिटनने १९७१ पासून तीच सक्ती केली, परंतु फक्त नव्या मोटारींना. तेथे नव्या मोटारी बऱ्याच अंशी सुरक्षित झाल्या, आणि चोर जुन्यांकडे वळला. जुनी मोटार कोणाच्या दारी असते हे सांगावयास नकोच. चोरीचा बोजा नाहीसा न होता ज्याला तो कमी पेलवतो त्याच्या खांद्यावर सरकला.

दिसणाऱ्या कुलपाचा हा स्वभावच आहे. ते चोराला शेजारच्या वाहनाची वाट दाखविते. न दिसणारे साधन नेमके उलट वागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ पासून मोटारीत लपविलेले रेडिओ प्रक्षेपक विकले जाऊ लागले. ते कोणत्या मोटारीत आहे हे चोराला कळत नाही, म्हणून तो सर्वच मोटारींना बिचकतो. एयर्स आणि लेव्हिट या अभ्यासकांनी १९९८ साली दाखवून दिले की, या साधनाच्या एकूण सामाजिक लाभापैकी ते विकत घेणाऱ्याच्या पदरी एक दशांशाहूनही कमी पडतो. उरलेला लाभ फुकट मिळतो तो परक्यांना. मग पदरमोड करून ते बसविणार कोण? ज्या वस्तूचे श्रेय दुसऱ्याला जाते ती बाजारात पुरेशी खपत नाही, हा अर्थशास्त्राचा जुनाच सिद्धांत येथे प्रत्ययास येतो. अशा वेळी विम्याच्या हप्त्यात भरघोस सवलत हवी. आपल्याकडे २००२च्या मोटार दरपत्रकाने मान्यताप्राप्त चोरीविरोधी साधनाला सवलत ठेवली ती अडीच टक्क्यांची, तीही कमाल पाचशे रुपयांपर्यंत. तेवढ्यात साधनाची किंमत निघणे कठीण!

विम्याविषयीही पुष्कळांचा गैरसमज असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये सक्तीचा आहे तो त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा. स्वतःचे वाहन चोरीस गेल्यास त्यातून छदामही मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी भरपाई घसारा वजा करूनच मिळते, आणि चार वर्षे उलटलेल्या वाहनाचे मूल्य विमापत्रात निम्म्यावर आलेले असते. मात्र एक दिलासा आहे. पोलिसांत फिर्याद तत्काळ नोंदविली असेल, तर विमा कंपनीला कळविण्यास झालेल्या विलंबाच्या एकट्या कारणावरून खरी मागणी फेटाळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

कुलूप, विमा आणि २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या अतिसुरक्षित क्रमांकपट्ट्या हे सारे उपाय पुरवठ्याच्या बाजूचे होत. मागणीकडे लक्ष जाते ते फार क्वचित. सुटे करून विकलेल्या वाहनाला क्रमांकपट्टीची गरजच उरत नाही. मीरतच्या सोतीगंज बाजारात चोरीची वाहने वर्षानुवर्षे सुटी होऊन विकली जात होती. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तेथील दुकाने बंद केली. त्या दुकानांपुढे निम्म्या किमतीत आरसा वा कार्बोरेटर मिळविण्यासाठी उभे राहणाऱ्या गिऱ्हाइकांत, आपले वाहन दारात कुलूप लावून आलेले सज्जनही असत.