खेचरांच्या वाटेवरून सायकल

वॉशिंग्टन ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी. पोटोमॅक नदीच्या काठी वसलेल्या या शहरात जॉर्जटाऊन नावाचा एक जुना भाग आहे. तेथे विटांच्या जुन्या इमारतींमधून एक अरुंद कालवा जातो आणि त्याच्या कडेने एक वाट निघते. डोळ्यांत भरावे असे त्या वाटेत काही नाही. पण सायकलवर बसून जो तिच्यामागे निघतो, तो नदीकाठच्या रानातून २९७ किलोमीटर जाऊन कंबरलंड या डोंगराळ गावी पोहोचतो. तेथे दुसरी एक वाट तिला मिळते. ती ॲलेगेनी पर्वत ओलांडून पिट्सबर्ग शहरी जाते. दोन्ही मिळून हा प्रवास सुमारे ५४० किलोमीटरांचा होतो, आणि तो जवळजवळ सगळा मोटारींपासून दूर, झाडांच्या सावलीतून होतो.

मुलांनो, यांपैकी पहिली वाट सायकलींसाठी बांधलेली नाही. ती बांधली खेचरांसाठी. १८२८ साली ४ जुलै या दिवशी अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी चेसापीक आणि ओहायो कालव्याच्या कामाचा प्रारंभ केला. त्यांनी कुदळी हाती घेतली, पण पहिलाच घाव एका झाडाच्या मुळावर बसला. पुन्हा मारला, तरी जमीन दाद देईना. तेव्हा अध्यक्षांनी अंगातील कोट काढून ठेवला आणि नेटाने घाव घालून माती उकरली. जमलेल्या लोकांनी मोठा जयघोष केला म्हणतात. समुद्राकडील बंदरे आणि पर्वतापलीकडील ओहायो नदी यांना जोडणारा जलमार्ग काढावा, असा तो बेत होता.

त्या काळी कालव्यातील नावांना इंजिने नसत. नावेला लांब दोर बांधायचा, दोराचे दुसरे टोक खेचरांना जुंपायचे आणि खेचरांनी काठावरून चालत नाव ओढायची, अशी रीत होती. रस्त्यावर जे ओझे ओढायला जनावरांचा तांडा लागेल, ते पाण्यावर दोन-तीन खेचरे ओढीत, कारण पाणी नावेचा भार स्वतःवर घेते. शंभर टनांहून अधिक कोळसा भरलेली नाव अशा रीतीने कंबरलंडहून वॉशिंग्टनला येई. नावाड्याचे सारे कुटुंबच पुष्कळदा नावेवर राही. खेचरांबरोबर चालण्याचे काम तुमच्याएवढी मुलेही करीत. एक जोडी थकली की दुसरी जुंपायची. तोवर पहिली जोडी नावेतल्याच तबेल्यात दाणा खात उभी असे. मुलांना मात्र तशी विश्रांती मिळत असेल असे वाटत नाही.

आता ही वाट सायकलस्वारांना इतकी सोयीची का, ते पाहू. पाणी उतारावर थांबत नाही. म्हणून कालवा सपाट ठेवावा लागतो, आणि कालवा सपाट तर त्याच्या काठची वाटही सपाट. पण कंबरलंड हे गाव तर वॉशिंग्टनपेक्षा १८४ मीटर उंच आहे! मग सपाट कालव्यातून नाव इतकी वर कशी चढे? येथे त्या काळच्या अभियंत्यांचे कौशल्य दिसते. त्यांनी कालव्याचे पायऱ्यांसारखे तुकडे पाडले आणि दर पायरीशी एक-एक जलपाश बांधला. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दारे असलेला दगडी हौद. त्याची लांबी सुमारे तीस मीटर आणि रुंदी नावेपेक्षा थोडीशीच अधिक. वर जाणारी नाव खालच्या दाराने हौदात शिरे. मागचे दार बंद होई. मग वरच्या दारातील झडपा उघडून कालव्याचे पाणी हळूहळू हौदात सोडीत. पाणी चढे तशी नावही चढे. हौदातील पाणी वरच्या कालव्याच्या पातळीला आले, की वरचे दार उघडे आणि नाव पुढे निघे. उतरणाऱ्या नावेसाठी हाच क्रम उलटा. यात कोणतेही यंत्र नाही. भार उचलण्याचे काम पाणीच करते.

असे ७४ जलपाश या मार्गावर आहेत. प्रत्येक जलपाश नावेला सरासरी अडीच मीटर वर उचली. सायकलस्वाराला हा चढ केवळ जलपाशाजवळ, दहावीस पावलांच्या टेकाडासारखा लागतो. एरवी मैलोगणती वाट पाण्यासारखी समतल. ज्याच्या दाराशी जलपाश असे त्या राखणदाराला रात्री-अपरात्री नावाड्याने शिंग फुंकले की उठावे लागे. त्यांची चुना दिलेली लहान दगडी घरे आजही वाटेवर उभी दिसतात.

अकरा ठिकाणी पोटोमॅकला मिळणारे ओढे आणि नद्या कालव्याला आडव्या येतात. तेथे दगडी कमानींचे जलसेतू बांधून कालवाच त्यांच्यावरून पलीकडे नेला आहे. खाली नदी, वर कालवा आणि कालव्यात नाव! मोनॉकसी नदीवरचा जलसेतू सात कमानींचा असून तो १८३३ साली पुरा झाला. आज कालव्याच्या पुष्कळ भागात पाणी नाही. जेथून नावा जात तेथे उंच झाडे उभी आहेत. जेथे पाणी आहे तेथे ओंडक्यांवर कासवे ओळीने ऊन खात बसतात आणि सायकलीची चाहूल लागताच एकामागून एक टपाटप पाण्यात पडतात.

मात्र एके ठिकाणी डोंगराने वाट अडवली. पॉपॉ नावाच्या गावाजवळ पोटोमॅक नदी मोठी वेडीवाकडी वळणे घेते. (पॉपॉ हे तेथील रानात उगवणाऱ्या एका फळझाडाचे नाव, आपल्या पपईशी त्याचा संबंध नाही.) ती सुमारे दहा किलोमीटरांची वळणे टाळण्यासाठी डोंगर पोखरून ९५० मीटर लांबीचा बोगदा काढावयाचे ठरले. १८३६ साली काम सुरू झाले. दोन वर्षांत ते उरकेल असा अंदाज होता. लागली चौदा वर्षे. खडक कठीण निघाला, पैसा संपला, मजुरांची मजुरी थकली, दंगे झाले, मधली काही वर्षे काम बंदच पडले. आधी १८३२ साली कालव्यावरील मजुरांत पटकीची साथ येऊन कितीतरी माणसे दगावली होती. त्यांतील बहुतेक परदेशांतून पोटासाठी आलेली गरीब माणसे. या वाटेने जाताना अध्यक्षांच्या कुदळीइतकीच त्यांचीही आठवण व्हावी.

बोगद्याला आतून साठ लाखांहून अधिक विटांचे अस्तर आहे. आत एकाच नावेपुरती जागा. समोरासमोर दोन नावा आल्या आणि दोघे नावाडी हट्टाला पेटून मागे सरेनात. अखेर बोगद्याच्या तोंडाशी जाळ करून धुराने त्यांना बाहेर काढावे लागले, अशी एक गोष्ट तेथे सांगतात. आज येथे सायकलीवरून उतरून चालावे लागते. आत गडद अंधार असतो. हातातील दिव्याच्या उजेडात लाकडी कठड्यावर पडलेल्या खाचा दिसतात. नावांचे दोर वर्षानुवर्षे घासून त्या पडल्या आहेत.

पॉपॉच्या परिसरात, नदीच्या उत्तरेस, ग्रीन रिज नावाचे विस्तीर्ण सरकारी जंगल आहे. ओक वृक्षांनी भरलेल्या या टेकड्यांत डोंगरी सायकलींसाठी एक वाट आखलेली आहे. कालव्याची वाट सोडून येथे शिरणाऱ्याला फरक तत्काळ कळतो. समतल जमीन संपते. मुळे, दगडगोटे, चिखल आणि एकदम उभा चढ समोर येतो. साधी सायकल येथे टिकाव धरीत नाही.

डोंगरी सायकल ही फार जुनी वस्तू नव्हे. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील टॅमलपायस डोंगराच्या आसपास काही तरुण मंडळी जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून सुसाट उतरण्याचा खेळ खेळू लागली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतार इतका तीव्र, की तुंबा तापून आतील वंगण धूर होऊन उडून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. १९७६ साली तेथे शर्यती सुरू झाल्या. त्या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली अशा वाटांसाठीच खास सांगाडा घडवला. रुंद, खाचा पाडलेले टायर, सरळ दांडा, भक्कम ब्रेक आणि चढासाठी वेगळी दंतचक्रे, हे या सायकलीचे विशेष.

दंतचक्रांचे काम समजून घेण्यासारखे आहे. साध्या सायकलीचे पेडल एकदा फिरवले की मागचे चाक दोन-अडीच वेळा फिरते. चढाच्या गिअरमध्ये ते जेमतेम एकदा फिरते. म्हणजे पायांना जोर कमी लागतो, पण तेवढेच अंतर कापायला पेडल अधिक वेळा फिरवावे लागते. जलपाशही हेच करी: मोठा चढ लहान लहान हप्त्यांत फेडायचा. डोंगरातील वाट आखणारेही ती सरळ उतारावर आखीत नाहीत. टेकडीच्या अंगाने, तिरपी आणि दरीकडे किंचित झुकती ठेवतात. नाहीतर पावसाचे पाणी वाटेलाच ओढा समजून वाहू लागते आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते.

आता कंबरलंडकडे वळू. ज्या दिवशी ॲडम्स यांनी कुदळी उचलली, त्याच दिवशी बाल्टिमोर शहरी एका रेल्वेच्या कामाचाही मुहूर्त झाला होता. ती रेल्वे १८४२ साली कंबरलंडला पोहोचली. कालवा पोहोचला १८५० साली. पुढे पर्वत ओलांडून ओहायोपर्यंत जाण्याचा बेत तेथेच थांबला. तरी पाऊणशे वर्षे कालव्याने कोळसा वाहिला. अखेर १९२४ सालच्या महापुराने काठ फुटले आणि वाहतूक कायमची बंद पडली. १९३८ साली सरकारने तो वीस लाख डॉलरना विकत घेतला.

पुढे या जुन्या मार्गावरून मोटारींसाठी रस्ता काढावा अशी योजना निघाली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने १९५४ च्या जानेवारीत तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना ते रुचले नाही. ते स्वतः या वाटेने पुष्कळदा फिरत. त्यांनी पत्र लिहून संपादकांना आव्हान दिले: माझ्याबरोबर ही वाट पायी चालून पाहा आणि मग आपले मत सांगा. संपादकांनी आव्हान स्वीकारले. २० मार्च रोजी ही मंडळी कंबरलंडहून निघाली. थंडी होती, वाटेत बर्फही पडले. गावोगावचे लोक भेटत, काही अंतर साथ देत. आठवडाभराने वॉशिंग्टन आले, तेव्हा सारी वाट पायी चाललेले केवळ नऊ जण उरले होते. पंचावन्न वर्षांचे डग्लस त्यांत होते. वृत्तपत्राने आपले मत बरेचसे बदलले. मोटाररस्ता झाला नाही, पण वाटेला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळायला आणखी सतरा वर्षे लागली. १९७१ साली ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून घोषित झाली. आज तेथे सायकलस्वारांनी घंटा वाजवावी, पायी चालणाऱ्यांना आधी वाट द्यावी आणि वेग बेताचा ठेवावा असा नियम आहे.

कंबरलंडच्या पुढची वाट कालव्याची नव्हे, रेल्वेची. त्या पर्वतातून जाणारा एक लोहमार्ग १९७५ साली बंद झाला. रूळ निघाले, उरल्या पायावर खडी दाबून सायकलींची वाट केली. तिचे नाव ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, लांबी २४० किलोमीटर. आगगाडीलाही तीव्र चढ चढवत नाही, म्हणून तिच्यासाठी डोंगराच्या अंगाने फार सौम्य चढण काढलेली असते. कंबरलंडपासून ३८ किलोमीटरांत वाट सुमारे ५३५ मीटर चढते, म्हणजे दर किलोमीटरला चौदा मीटर. कालव्याचा सरासरी चढ किलोमीटरला पाऊण मीटरही नव्हता. तेव्हा येथे घाम येतो, पण सायकलीवरून उतरावे मात्र लागत नाही. वाटेत बिग सॅव्हेज नावाचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्याने त्याची हानी होऊ नये म्हणून त्याची दारे त्या काळात बंद ठेवतात.

बोगद्यानंतर थोड्याच अंतरावर, ७२९ मीटर उंचीवर, माथा येतो. हा जलविभाजक. येथे पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब पोटोमॅकमधून अटलांटिक महासागराकडे जातो. पश्चिमेच्या उतारावरचा ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांतून मेक्सिकोच्या आखाताला मिळतो. येथून पिट्सबर्गपर्यंत दोनशे किलोमीटरांचा मंद उतार. यॉकिओगेनी नदीची दाट झाडीने झाकलेली दरी बराच वेळ सोबतीला असते.

या वाटेचा शेवटचा तुकडा २०१३ साली पुरा झाला. ती जेथे संपते तेथे ॲलेगेनी आणि मॉनॉन्गहेला या नद्यांचा संगम आहे आणि त्या संगमातूनच ओहायो नदी सुरू होते. अध्यक्ष ॲडम्स यांच्या कालव्याला याच ओहायोशी जाऊन मिळायचे होते. कालवा तेथवर कधीच गेला नाही. पण आज जॉर्जटाऊनहून निघालेले सायकलस्वार आठ-दहा दिवसांनी तेथे पोहोचतात, सायकली कठड्याला टेकवतात आणि धुळीने भरलेले पाय धुण्यासाठी पाण्याच्या काठाशी जातात.