मांजराची खाज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मांजराला एकाएकी जोराची खाज सुटली, की पहिला संशय पिसवांवर घ्यावा. अंगावर एकही पिसू दिसत नाही म्हणून ही शक्यता निकालात काढली जाते, आणि तिथेच गल्लत होते. मांजर दिवसाचा बराच वेळ अंग चाटत असते. त्यात पिसवा गिळल्या जातात, म्हणजे पुरावा तेच नाहीसा करते. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असेल, तर दोन-चार चावेही अंग ओरबाडून घ्यायला पुरेसे होतात. शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवावी आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते.

घरातच राहणारे मांजर पिसवांपासून सुरक्षित असते, हेही खरे नाही. पिसवा माणसांच्या कपड्यांवरून किंवा दुसऱ्या प्राण्याबरोबर आत येतात. अंडी मांजराच्या अंगावरून गळून अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या फटींत पडतात आणि कोषातली पिसू कित्येक महिने तग धरते. त्यामुळे अंथरूण गरम पाण्यात धुणे, कानाकोपरे झाडणे आणि घरातल्या सगळ्या पाळीव प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करणे भाग असते.

सर्वांत घातक समजूत म्हणजे कुत्र्याचे पिसवांचे औषध कमी प्रमाणात मांजरालाही चालते. अशा अनेक औषधांत परमेथ्रिन असते. ते मोडून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असल्याने अंगाला कंप सुटतो, झटके येतात, मृत्यूही ओढवतो. चुकून लागलेच, तर भांड्यांच्या पातळ साबणाने व कोमट पाण्याने धुवून लगेच पशुवैद्याकडे न्यावे. कंप सुरू झाला असेल, तर धुण्यात वेळ घालवू नये. यकृताच्या याच मर्यादेमुळे फिनॉल असलेली जंतुनाशके मांजराला बाधतात आणि पॅरासिटामॉल तर जीवघेणे ठरते. माणसांच्या सर्दी-ॲलर्जीच्या कित्येक गोळ्यांत खाज कमी करणाऱ्या औषधासोबत पॅरासिटामॉलही असते, म्हणून घरातली गोळी अर्धी करून देणे हा उपाय नव्हे.

‘नैसर्गिक’ वस्तूंचेही तेच. कापूर, टी ट्री तेल, कडुनिंबाचे तीव्र तेल यांनी विषबाधा होऊ शकते, कारण कातडीवर लावलेले सारे चाटून पोटात जाते. खोबरेल तेल तुलनेने निरुपद्रवी; पण त्याने खाजेचे मूळ कारण जात नाही.

कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ असेल, तर कानातल्या किडींची शक्यता असते. खरूज बहुधा कानांच्या कडांपासून सुरू होते. अन्नाची ॲलर्जी नव्या खाद्यानेच होते असे नाही. महिनोन्महिने खाल्लेले खाद्यही बाधू शकते, आणि ते ओळखायला साधारण आठ आठवडे वेगळा, ठरवून दिलेला आहार द्यावा लागतो.

घरी करण्यासारखे थोडेच असते: गळ्यात संरक्षक कोन बांधणे, नखांची टोके कापणे, लाल झालेल्या जागी गार पाण्यात पिळलेले फडके काही मिनिटे ठेवणे. चेहरा सुजला, मांजर तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागले किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर यातले काहीही न करता ताबडतोब दवाखाना गाठावा.