डेव्हकाकांची अंगतपंगत

शाळेत अंगतपंगत असली की काय धमाल येते ना! कुणाच्या डब्यात थालीपीठ, कुणाच्या डब्यात शिरा. आपली तीच पोळी-भाजी, पण त्या दिवशी भलतीच चविष्ट लागते!

आज तुला गाण्यांची अंगतपंगत दाखवते. तिचं नाव ‘व्होकल एन्काउंटर्स’. म्हणजे गायकांशी गाठभेट! हा अल्बम २००१ साली अमेरिकेत निघाला. पियानोवर डेव्ह ब्रुबेक. आपण त्यांना डेव्हकाका म्हणू. गाणारे मात्र सारखे बदलतात. कधी खडीवरून गाडी जावी तशा घोगऱ्या आवाजाचे लुई आर्मस्ट्राँग, कधी कार्मेन मॅक्रे, तर कधी टोनी बेनेट.

आणि गंमत ऐक! ही गाणी २००१ची नाहीतच! बरीचशी त्याच्या चाळीस वर्षं आधीची. दिवाळीच्या फराळाचं ताट आठव. चकली सोमवारी तळलेली, करंजी बुधवारी, लाडू त्याच्याही आधीचे. ताट मात्र एकच! अगदी तसंच.

पियानो पाहिलायस? पेटीच्या थोरल्या भावासारखा दिसतो. पण पेटीत हवा घुमते, पियानोत मात्र तारा असतात. पट्टी दाबली की आतली छोटीशी हातोडी तारेवर टण्! अशा पट्ट्या किती, ओळख बरं? ८८!

डेव्हकाका वाजवायचे जॅझ. जॅझ म्हणजे खो-खोच! मैदान ठरलेलं, नियम ठरलेले. पण पळणारा कुठे हुलकावणी देईल, ते त्यालाही आधी ठाऊक नसतं. वादकही मूळ चाल धरून ऐनवेळी नवं काहीतरी रचतात. आणि शेजारी कुणी गात असेल, तर पियानोवाल्याला कान टवकारून बसावं लागतं. आवाज चढला की बोटं हळू, आवाज थांबला की बोटांची पाळी!

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. डेव्हकाका कॉलेजात गेले ते गुराढोरांचा डॉक्टर व्हायला! वडिलांचा गुरांचा व्यवसाय होता ना. मग संगीताकडे वळले. पण शेवटच्या वर्षी बिंग फुटलं. स्वरलिपी त्यांना वाचताच येत नव्हती! म्हणजे धडे घडाघडा पाठ, पण पुस्तक समोर धरलं की ततपप! कॉलेज म्हणालं, “पदवी देतो, पण वचन दे. संगीत कधी शिकवायचं नाही!”

हेच डेव्हकाका १९५८ साली मुंबईला आले आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या चमूचं ‘टेक फाइव्ह’ आलं. रचना त्यांच्या सॅक्सोफोनवाल्या मित्राची, पॉल डेसमंडची. त्यात पाच-पाच मात्रांची आवर्तनं आहेत. टाळी वाजव बघू! एक-दोन-तीन, एक-दोन. तबला शिकतेस का? मग तुझ्या झपतालात आधी दोन, मग तीन. इथे उलटं! मागून डेव्हकाका आणि त्यांची बायको आयोला यांनी त्याला शब्द दिले आणि कार्मेन मॅक्रे ते गायल्या. पाचात गायचं म्हणजे लंगडी घालत पाढे म्हणण्यासारखंच!

आणि टोनी बेनेट? २८ ऑगस्ट १९६२ला वॉशिंग्टनमध्ये कॉलेजच्या मुलांसाठी एक कार्यक्रम झाला. आधी डेव्हकाकांनी वाजवलं, मग टोनी गायले. शेवटी दोघं एकत्र. तालीम? अजिबात नाही! सगळं टेपवर उतरलं. त्यातलं एक गाणं तेवढं बाहेर आलं. बाकीची टेप गेली कुठेतरी ठेवणीत, आणि सगळे विसरले! थेट २०१३ साली तो अख्खा कार्यक्रम लोकांनी ऐकला. पन्नास वर्षांनी!

तुमच्या माळ्यावर जुन्या कॅसेटींचा खोका आहे का? आजोबांना विचार. आणि हो, टाकून देऊ नका म्हणावं!