घरातला कॉम्प्युटर, भाग ९ : फाइल उघडते, मराठी उघडत नाही

मागच्या भागात फ्लॉपी आणि जुन्या सीडींमधल्या फायली नव्या मशिनवर कशा उतरवायच्या ते पाहिलं. ते जमलं, की खरी गंमत सुरू होते. फाइल आली, दोनदा क्लिक केलं, उघडलीसुद्धा. आणि समोर काय, तर डॉलरची चिन्हं, महिरपी कंस, डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि मधूनमधून अंडरस्कोर. ‘गेली, करप्ट झाली’ असं म्हणून बरेच जण ती तिथल्या तिथे उडवतात. कृपा करून उडवू नका. फाइल ठणठणीत आहे, फक्त ती वाचायची किल्ली तुमच्या मशिनवर नाही.

साधारण १९९३ ते २००५ या काळात ज्यांनी घरी किंवा कचेरीत मराठीत काही टाइप केलं, त्या जवळजवळ सगळ्यांच्या कपाटात अशा फायली आहेत. सोसायटीची इतिवृत्तं, भजनी मंडळाची वही, वडिलांनी निवृत्तीनंतर चिकाटीने लिहिलेल्या आठवणी, मुलीच्या लग्नाची पत्रिका. माझ्या मावसभावाकडे अख्खा कुलवृत्तांत आहे. गावोगावी फिरून, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्याने नावं जमवली आणि डीटीपीवाल्याकडे बसून ती टाइप करून घेतली. छापील प्रती नातेवाइकांत वाटून संपल्या. उरली ती ही फाइल.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. ६५ हा आकडा आला की इंग्रजी मोठा ‘ए’ काढायचा, असं ठरलेलं आहे. त्या काळच्या विंडोजला देवनागरी माहीतच नव्हती. मग फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. आकडे इंग्रजीचेच ठेवायचे, चित्रं मात्र मराठी काढायची. एका फारच चाललेल्या मराठी फॉन्टचं उदाहरण घेऊ. त्यात अंडरस्कोरच्या जागी ‘म’ बसवलाय, लहान ‘एच’च्या जागी ‘ह’, लहान ‘एम’च्या जागी काना आणि लहान ‘ए’च्या जागी ‘र’. म्हणजे ‘महारा’ एवढं लिहिलं, की फाइलमध्ये पडतं अंडरस्कोर, एच, एम, ए, एम. ‘क’ तर दोन तुकड्यांत आहे. मोठा ‘एच’ म्हणजे त्याचं धड आणि डॉलर म्हणजे उजवीकडची शेपटी. त्यामुळे ‘कोकण’ लिहिलं की दोन डॉलर जमा होतात. (कोकणात एवढ्या सहज डॉलर येत असते तर मुंबईला यायची वेळ कुणावर आली नसती.)

बिस्किटांच्या डब्यात हरभराडाळ आणि चहाच्या डब्यात साबुदाणा ठेवणारं स्वयंपाकघर तुम्ही पाहिलं असेल. घरची बाई असेपर्यंत काही अडत नाही. ती चार दिवस गावाला गेली, की बाकीचे डबे उघडत बसतात. तो विशिष्ट फॉन्ट म्हणजे ती घरची बाई. तो मशिनवर नसला, की कॉम्प्युटर बापडा डब्यावरचं लेबल वाचून दाखवतो.

आज या फॉन्टना नावं ठेवायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण, सीडॅकचे सुरेख आणि योगेश ही मंडळी नसती, तर त्या दहा-बारा वर्षांत मराठी दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, पत्रिका हे सगळं कॉम्प्युटरवर आलंच नसतं. त्यांचा हिशेब कागदावर सुरेख छापून येण्याचा होता आणि तो त्यांनी चोख पुरा केला. शिवाय टाइपरायटरवर शिकलेल्या हातांना ही तऱ्हा ओळखीची होती. तिथेही अर्धं अक्षर, काना, रफार असे तुकडेच जोडायचे असतात. गोम एवढीच, की प्रत्येक कंपनीने डबे आपापल्या मर्जीने भरले. एकाचा ‘म’ दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये भलतंच काही होऊन बसायचा. छापखान्यात मजकूर घेऊन गेलं, की पहिला प्रश्न ‘पानं किती’ हा नसायचा, ‘फॉन्ट कुठला’ हा असायचा.

आणि सरळ रस्ता तेव्हा नव्हता, असंही नाही. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं तंत्र तयार झालं. १९८८ साली पुण्यात सीडॅक सुरू झाली आणि ते काम तिथे आलं. जिस्टचं एक कार्ड मिळायचं. ते पीसीत बसवलं, की डॉसवर चालणाऱ्या डीबेस, लोटस, वर्डस्टारमध्ये देवनागरी दिसायची. मी तेव्हा एका सहकारी बँकेत होते. आमच्याकडे हे कार्ड आलं तेव्हा हिरव्या पडद्यावर सभासदांची नावं मराठीत उमटलेली बघायला साहेबांच्या केबिनमधूनही माणसं आली होती. मला स्वतःला त्याहून आवडलं ते पुढचं. यादी अकारविल्हे लावायची आज्ञा दिली आणि अनंतरावांपासून हणमंतरावांपर्यंत सगळे गुमान ओळीत उभे राहिले. चित्रांच्या फॉन्टमध्ये हे कधीच साधलं नसतं. तिथे ‘क’ मोठ्या ‘एच’च्या जागी बसलेला आणि ‘म’ अंडरस्कोरच्या. बाराखडीचा क्रम कुणी पाळायचा?

जिस्टमध्ये आकडा चित्राला नव्हता, अक्षराला होता. अर्ध्या ‘क’ला वेगळा आकडाच नाही. ‘क’ लिहायचा, त्याचा पाय मोडायचा, पुढचं अक्षर लिहायचं. जोडाक्षर पडद्यावर कसं दिसावं ते कार्ड बघून घेणार. आकड्यांची ही वाटणी इस्की या नावाने १९९१ साली भारतीय मानक झाली. इन्स्क्रिप्टचा कीबोर्डही त्याच विचाराचा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, ‘क’च्याच बटणावर शिफ्ट दाबून ‘ख’. आठवडाभर बोटं अडखळतात, मग विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. मी आजही इन्स्क्रिप्टच वापरते आणि नातवंडं त्याला ‘आजीचा कीबोर्ड’ म्हणतात. पण कार्डाला पैसे पडायचे, तेवढ्यात विंडोज आलं, आणि लोकांना पडद्यावर हवी होती ती छापील अक्षरांसारखी देखणी अक्षरं. सरळ रस्ता ओस पडला, आडवाटेवर गर्दी झाली.

मग युनिकोड आलं. त्याची पहिली आवृत्तीही १९९१चीच. जगातल्या लिप्यांना एकाच यादीत आकडे द्यायचे, ही त्यामागची कल्पना. देवनागरीची मांडणी त्यांनी इस्कीवरूनच घेतली. आपल्या वाट्याला २३०४ ते २४३१ हे आकडे आले. त्यात ‘क’ २३२५वर आहे, मग तो पुण्यात लिहा, बडोद्यात लिहा की न्यू जर्सीत. विंडोज २०००पासून घरच्या मशिनवर हे चालू लागलं. त्यासोबत आलेला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. मंगल अनेकांना आवडत नाही, पण पडद्यावर बारीक आकारात तो किती स्वच्छ वाचता येतो, ते माझ्या वयाच्या डोळ्यांना विचारा.

तरी लोक लगेच वळले नाहीत. त्यामागे एक अगदी व्यवहारी कारण होतं. मोबाइलच्या एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची, देवनागरी मात्र ७०च. मराठीत दोन वाक्यं लिहिली, की दोन एसएमएसचे पैसे. एक अख्खी पिढी रोमन लिपीत मराठी लिहायला शिकली त्यात या हिशेबाचा वाटा मोठा आहे. भाषाप्रेम कमी पडलं, असं म्हणून त्यांना झोडपणाऱ्यांनी तेव्हाचं बिल भरलेलं नसावं.

तर आता तुमच्या फाइलकडे येऊ. मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत काढून त्या प्रतीवर काम करा. वर्डची फाइल असेल तर मजकुरावर क्लिक करून वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतं ते बघा. फॉन्ट मशिनवर नसला तरी नाव तिथे दिसतं. ते नाव कागदावर उतरवून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, इंटरनेटवर फुकटही असतात. फक्त मृत्युपत्र, बँकेचे कागद, खटल्याची कागदपत्रं असलं काही परक्या संकेतस्थळावर चिकटवू नका. त्यासाठी आपल्याच मशिनवर चालणारा कन्व्हर्टर शोधा.

हे काम एकाच्या जागी दुसरं अक्षर ठेवण्याइतकं सोपं नाही. जुन्या फॉन्टमध्ये ‘आणि’ या शब्दातली वेलांटी ‘ण’च्या आधी पडलेली असते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती ‘ण’नंतर येते, कारण आपण ती नंतर उच्चारतो. रफाराचं त्याहून अवघड. ‘आशीर्वाद’ घ्या. जुन्या फाइलमध्ये क्रम असतो ‘व’, काना आणि मग डोक्यावरचा रफार. युनिकोडला हवा पाय मोडका ‘र’, मग ‘व’, मग काना. म्हणजे कन्व्हर्टरला काना ओलांडून, ‘व’ ओलांडून मागे जावं लागतं. कुठे थांबायचं हे त्याला नेमकं कळलं नाही, तर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून कन्व्हर्टर पारखायचा असेल तर त्याला ‘आशीर्वाद’, ‘मूर्ती’, ‘वर्षाव’ असे शब्द खायला घाला. तिथे तरला तर बाकीचं बहुधा बरं निघतं.

मजकुरात मधूनच इंग्रजी असेल तर आणखी एक घोळ होतो. साधा मजकूर म्हणून कॉपी केला, की कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहिती गळून पडते आणि कन्व्हर्टर इंग्रजी पत्त्यांचंही मराठी करून टाकतो. मावसभावाच्या कुलवृत्तांतातले बाहेरदेशी गेलेल्यांचे इंग्रजी पत्ते वाचताना आम्ही हसून बेजार झालो. फॉन्टची माहिती लक्षात घेऊन वर्डची अख्खी फाइल बदलणारा कन्व्हर्टर मिळाला तर हा त्रास वाचतो.

पेजमेकरच्या फायली हे वेगळंच प्रकरण. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. शहरातल्या पेठेत एखादा डीटीपीवाला अजून जुनं मशिन राखून असतो, त्याच्याशी ओळख ठेवा. त्याच्याकडून पीडीएफ काढून आणली तरी त्यातून कॉपी करायला जाऊ नका. वरून मराठी दिसत असलं तरी आत तेच जुने आकडे असतात. त्यापेक्षा ती पानं ओसीआरला द्या. ओसीआर चित्र बघून अक्षर ओळखतं, आत कुठला फॉन्ट आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. देवनागरीचं ओसीआर आता चांगलं सुधारलंय. छपाई स्वच्छ असेल तर कन्व्हर्टरच्या नादी लागण्यापेक्षा हाच मार्ग लवकर उरकतो.

युनिकोडमध्ये आल्यावरही दोन खास मराठी अडचणी उरतात. हिंदीवाल्यांना त्या फारशा जाणवत नाहीत, म्हणून त्यांच्यावर लिहिलंही कमी जातं. पहिली आपल्या अर्ध्या ‘र’ची. ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला तो आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून. दुसरी, साध्या ‘र’चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. मावसभाऊ ‘कऱ्हाड’ शोधत होता आणि समोर पानावर ‘कऱ्हाड’ दिसत असताना मशिन म्हणत होतं, सापडत नाही. दुसरी अडचण ‘ॲ’ची. याला स्वतःचा आकडा २००८ साली मिळाला. तोवर लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र द्यायचे, अजूनही देतात. त्यामुळे सोसायटीच्या यादीत ‘ॲड.’ दोन जातींचे होतात. शिवाय त्याचा आकडा उशिरा आल्यामुळे तो यादीच्या शेपटाला बसलाय. नुसत्या आकड्यांच्या क्रमाने नावं लावली, तर वकीलसाहेब हणमंतरावांच्याही मागे जातात.

उपाय सोपा आहे. दोन्हींपैकी एक रीत ठरवा आणि शोधा-बदला वापरून सबंध फाइल एकसारखी करा. मी अर्ध्या ‘र’साठी पहिली रीत घेते, कारण न दिसणारं चिन्ह कॉपी करताना कुठे गळून पडेल याचा भरवसा नसतो.

शेवटी साठवताना एकच गोष्ट बघा. नोटपॅडमध्ये साठवत असाल तर खाली एन्कोडिंगच्या रकान्यात ‘यूटीएफ-८’ आहे याची खात्री करा. तिथे ‘आन्सी’ राहिलं, इशारा न वाचता होकार दिला आणि खिडकी बंद केली, की सगळ्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. डॉलर आणि अंडरस्कोरमधून मराठी परत काढता येतं. प्रश्नचिन्हांमधून काहीच निघत नाही, कारण तिथे आकडेच पुसले गेलेले असतात. म्हणून मूळ फाइल, तिच्या फॉन्टचं नाव आणि जमल्यास तो फॉन्टही, असं सगळं एकाच फोल्डरमध्ये राहू द्या.

पुढच्या आठवड्यात फोटोंकडे वळू. स्कॅन केलेल्या प्रत्येक फोटोवर स्कॅन केल्याची तारीख पडते आणि आजोबांची मुंज २०१४ साली झाल्याचं दिसतं. त्याचं काय करायचं, ते बघू.