दुर्गा खोटे

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट मुंबईत लोकांना दाखवला. दिलेल्या वचनासाठी राज्यावर पाणी सोडणारा राजा आणि त्याच्याबरोबर सारे हाल सोसणारी राणी तारामती यांची ही कथा. परंतु पडद्यावरची ती तारामती स्त्री नव्हती. उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून फाळक्यांनी तारामती उभी केली होती. त्यांनी पुष्कळ शोध केला. पण कोणीही स्त्री त्या कामास तयार होईना. चित्रपटात काम करणे हे त्या काळी स्त्रीला कमीपणा आणणारे मानले जाई. मराठी रंगभूमीवरही स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत.

पुढे एकोणीस वर्षांनी हीच तारामती पुन्हा पडद्यावर आली. या वेळी ती भूमिका मुंबईच्या एका प्रतिष्ठित घरातील, महाविद्यालयात शिकलेल्या तरुणीने केली. तिचे नाव दुर्गा खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव लाड. हे घराणे मूळचे गोव्याचे. वडील पांडुरंगराव हे नामांकित सॉलिसिटर होते. दुर्गाबाई कॅथीड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर महाविद्यालयात शिकल्या. शिक्षण चालू असतानाच खोटे यांच्या सधन कुटुंबात त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना दोन मुलगे झाले.

सुखाचे हे दिवस फार काळ टिकले नाहीत. घरची आर्थिक स्थिती ढासळली आणि मुलांच्या पालनपोषणाचा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्यांच्या आधारावर जगण्यापेक्षा स्वतः कष्ट करून मिळवावे, असे दुर्गाबाईंनी ठरवले. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. तो चित्रपट सुमार निघाला. चांगल्या घरची सून अशा चित्रपटात दिसली, म्हणून लोकांनी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना दूषणे दिली. हे सारे त्यांच्या मनाला फार लागले.

अशा वेळी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीची भूमिका देऊ केली. आधीचा अनुभव कटू होता; तरीही दुर्गाबाईंनी ती स्वीकारली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तयार झाला. तो मराठीतील आरंभीच्या बोलपटांपैकी एक होय. गोविंदराव टेंबे यांनी त्यात हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले.

त्या काळी बोलपटात काम करणे सोपे नव्हते. पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटनटींना कॅमेऱ्यापुढे अभिनय करीत असतानाच स्वतः गावे लागे, आणि वादक कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसून साथ करीत. शिवाय हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला गेला. त्यामुळे एकच प्रसंग दोनदा, दोन भाषांत वठवावा लागे. दुर्गाबाईंना ना रंगभूमीचा अनुभव होता, ना गायिका म्हणून नाव होते. पण भारदस्त रूप, स्पष्ट वाणी आणि मेहनत यांच्या बळावर त्यांनी तारामती साकार केली. काल ज्यांनी दूषणे दिली होती, त्यांनीही आता वाखाणणी केली.

दुर्गाबाई या चित्रपटात आलेल्या पहिल्या स्त्री नव्हेत. त्यांच्यापूर्वी कमलाबाई गोखले यांनी १९१३ सालीच फाळक्यांच्या चित्रपटात काम केले होते, आणि नंतर आणखीही स्त्रिया आल्या होत्या. परंतु दुर्गाबाईंच्या यशामुळे सुशिक्षित घरांतील मुलींना या क्षेत्राचे दार उघडे झाले.

पहिल्या यशावर त्या थांबल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन त्यांनी ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ या चित्रपटांत कामे केली. ‘सीता’ हा १९३४ सालचा चित्रपट इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३६ साली प्रभातच्या ‘अमरज्योती’ या चित्रपटात त्या सौदामिनी झाल्या. स्वतःच्या मुलावरचा हक्क नाकारला गेल्यामुळे पेटून उठलेली आणि समुद्रावरील चाच्यांची नायिका बनलेली ही स्त्री होती. सोशिक तारामती आणि तलवार उपसणारी सौदामिनी या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीने तितक्याच समर्थपणे केल्या. त्या काळी कलावंत एखाद्या कंपनीत मासिक पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी ही रीत मोडली आणि आपल्याला योग्य वाटेल त्या कंपनीत काम करण्याचे स्वातंत्र्य मिळवले. पुढे त्यांनी स्वतः चित्रपटनिर्मितीही केली.

त्यांच्या पतीचे अकाली निधन झाले. परंतु त्यांनी मुलांना स्वतःच्या कमाईवर वाढवले.

चित्रपटात नाव झाल्यावरही रंगभूमीची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. चित्रपटातील प्रसंग चुकला तर पुन्हा घेता येतो. रंगमंचावर मात्र चूक सुधारण्यास दुसरी संधी नसते. हे आव्हान त्यांनी आनंदाने पत्करले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी कामे केली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकातील त्यांची आनंदीबाई आणि शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधील त्यांची राणी या भूमिका विशेष गाजल्या.

वय वाढले तशा त्यांनी वयाला साजेशा भूमिका स्वीकारल्या. १९६० सालच्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये त्या जोधाबाई झाल्या. एकीकडे पती अकबर आणि दुसरीकडे पुत्र सलीम यांच्या कलहात सापडलेल्या मातेची व्यथा त्यांनी मोठ्या संयमाने दाखवली. यातील अकबर म्हणजे पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांपूर्वी ‘सीता’ चित्रपटात हेच पृथ्वीराज राम झाले होते!

१९५८ साली दुर्गाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६८ साली पद्मश्री हा किताब मिळाला. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना देण्यात आला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी एकही स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा सन्मान होता.

‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत सांगितली आहे. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. कोणतेही काम मुळात हलके नसते. ते करणारा माणूस आपल्या निष्ठेने त्याला मान मिळवून देतो. दुर्गाबाईंनी अभिनयाला असा मान मिळवून दिला, आणि तोही लोक नावे ठेवीत असताना.