एकच पत्ता, आठ घरे

सेनगावच्या टपाल कचेरीत नुसते ‘पिंपरी’ असा पत्ता लिहिलेले पत्र आले तर? या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. तालुका कळल्याखेरीज पत्र पोचायचे नाही. संगणकापुढेही असाच पेच उभा राहतो.

समजा, सेनगावच्या एका हळदीच्या कोठारात आठ ठिकाणचे तापमान छोट्या संगणकाने मोजायचे आहे. फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढलेल्या ‘आय-टू-सी’ पद्धतीत सर्व उपकरणे दोनच सामायिक तारांवर बसतात. एका तारेवरून ठोके जातात, दुसरीवरून माहिती. या तारांच्या जोडीला ‘बस’ म्हणतात. पत्ता सात द्विमान अंकांचा. म्हणजे एकूण १२८ पत्ते. त्यांतले १६ राखीव. पण पुष्कळ तापमापकांचा पत्ता कारखान्यातच ठरलेला असतो. आठही एकाच पत्त्याचे असले, तर एका हाकेला आठही ओ देतात!

मग काय होते? रोधामुळे तार एरवी ‘१’ असते. कोणीही खाली ओढली की ‘०’ होते. म्हणजे ‘०’ची नेहमी सरशी. दोन तापमापक एकदम बोलले, एक २७ (११०११) आणि दुसरा ३० (११११०), तर संगणकाला ११०१० म्हणजे २६ ऐकू येते. हे तापमान कोठेच नाही, पण खरे वाटते. धोका आहे तो इथेच.

यावर तोडगा म्हणजे मल्टिप्लेक्सर. एका बसला तो आठ फाटे फोडतो. त्याला ००००००१० ही संख्या पाठवली की फक्त दुसरा फाटा उघडतो.

परंतु नुसती चिप बसवून भागत नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, याला तिची ओळख करून द्यावी लागते. मल्टिप्लेक्सर कोणत्या पत्त्यावर आहे आणि कोणत्या फाट्यावर काय जोडले आहे, हे आधी एका वर्णनात लिहितात. मग ड्रायव्हर प्रत्येक फाट्याची स्वतंत्र बस म्हणून नोंदणी करतो आणि फाटा कसा उघडायचा तेही कर्नेलला सांगतो. प्रत्येक फाट्याला वेगळा क्रमांक मिळतो. हाच आपला ‘तालुका’!

यानंतर कर्नेल प्रत्येक वेळी मूळ बसला कुलूप घालते, फाटा निवडते, वाचन करते आणि मगच कुलूप काढते. कुलूप नसते, तर एका प्रोग्रॅमने दुसरा फाटा उघडला असतानाच दुसऱ्या प्रोग्रॅमने पाचवा उघडला असता आणि पाचव्याचे तापमान दुसऱ्याच्या नावावर नोंदले गेले असते.

आता २१ आणि २८ एकदम बोलले तर संगणकाला काय ऐकू येईल? कागदावर करून पाहा.